कच्च्या पाण्यातले मासे

पहिला मासा चौथ्या दिवशी गेला. सकाळी दूध तापत ठेवून मी टँकशी आले, तर तो खालच्या खडीवर आडवा पडला होता आणि अंगावरची निळी रेघ विझली होती. दहाव्या दिवसापर्यंत आठच्या आठ निऑन टेट्रा गेले. काच लखलखीत होती. पाणी इतकं नितळ की मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यातून वाचता यावं. फिल्टरची धार नीट पडत होती, खाणं दोन वेळा घातलं जात होतं. शेवटचा मासा तुळशीजवळच्या कुंडीत पुरला तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या होत्या. "जाऊ दे माय," त्या म्हणाल्या, "घरावर काहीतरी येणार होतं. मुक्या जिवानं अंगावर घेतलं."

हे वाक्य आमच्या धाराशिवात मी नंतर अनेक घरांत ऐकलं. ते मायेनंच म्हटलं जातं, त्यामागे मेलेल्या जिवाबद्दल कृतज्ञता असते. पण ते वाक्य उच्चारलं की चौकशी तिथेच थांबते. मासा आपल्यासाठी गेला असं मानलं की आपल्यामुळे गेला का, हा प्रश्न उरत नाही. पुढच्या रविवारी नवे आठ मासे त्याच पाण्यात येतात आणि तेही जातात.

मला मात्र तो प्रश्न सुटेना. मी टेस्ट किट मागवलं. परीक्षानळीत टँकचं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि पाच मिनिटं थांबले. पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गडद हिरवं झालं. घरावर येणारं संकट आम्हीच दोन फुटी काचेत भरून ठेवलं होतं. त्याचं नाव अमोनिया.

त्यानंतरचं वर्षभर मी विचारत, वाचत, मोजत राहिले. दुकानदारांशी बोलले, प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे जाऊन बसले, गावाच्या विहिरीत पावडर टाकणाऱ्या जलसुरक्षकाबरोबर एक सकाळ काढली. हा लेख त्या वर्षाचा आहे. आणि त्या आठ माशांचा.

थापटून पाहिलेलं मडकं

तेर आमच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. गोरोबाकाकांचं गाव. त्यांची आख्यायिका महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. संतमंडळी जमलेली असताना मुक्ताबाईंनी विचारलं, काका, हे थापटणं कशासाठी? मडकं पक्कं की कच्चं ते कळायला, काका म्हणाले. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारून पाहिलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं.

कच्चं मडकं दिसायला पक्क्यासारखंच असतं. आकार तोच, काठ तोच. फरक पाणी भरल्यावर कळतो. नव्या टँकचंही तसंच आहे. नवा टँक आणि जुना टँक शेजारी ठेवले तर नवाच जास्त स्वच्छ, जास्त देखणा दिसतो. जुन्याच्या खडीवर तपकिरी साय असते, फिल्टरचा स्पंज मळकट असतो. त्या मळकटपणातच माशाचं आयुष्य असतं, आणि नव्या टँकमध्ये नेमकं तेच नसतं.

मासा आपल्या शरीरातला नको असलेला नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात थेट पाण्यात सोडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात आणखी भर पडते. नदीत हे सगळं वाहून जातं, पसरतं, खाल्लं जातं. पन्नास लिटरच्या काचेत ते साठतं. तिथे दोन प्रकारच्या सूक्ष्मजीवांची वस्ती हवी असते. एक वस्ती अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी; नायट्रेट मात्र मासे बऱ्याच प्रमाणात सोसतात आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. टँकची भाषा बोलणारे या चक्राला 'सायकल' म्हणतात. 'टँक सायकल झाला का?' हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

माती आणि पाण्यातले हे जीव सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास वेगळे करून दाखवले. पुढे शंभर वर्षं पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही दोनच नावं लिहिली जात होती. 1998 मध्ये टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टँकमधले जीव तपासले तेव्हा नायट्राइटवर काम करणारा खरा गडी नायट्रोस्पायरा निघाला. 2015 मध्ये तर असे नायट्रोस्पायरा सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकट्याने करतात. त्यांतले काही मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच मिळाले. म्हणजे स्पंजवरच्या मळात काय राहतं याची ओळख विज्ञानालाही अजून होतेच आहे.

या जिवांची एक अडचण आहे. ते फार सावकाश वाढतात. पोटातले काही जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस लागतो. म्हणून शून्यातून वस्ती उभी राहायला चार ते सहा आठवडे जातात. दुकानातून टँक आणि मासे एकाच रिक्षातून घरी आणणाऱ्या माणसाच्या हिशेबात हे आठवडे नसतात. माझ्याही नव्हते.

आपलं पाणी ओळखावं

धाराशिवात पाणी म्हटलं की कुठलं, हे आधी विचारावं लागतं. उजनीच्या जलाशयातून जलवाहिनीने आलेलं नळाचं, घरच्या बोअरचं, टँकरचं, की आरओच्या जारचं? एकाच घरात चारही असतात आणि गृहिणीला चारींची चव ठाऊक असते. डाळ कशात शिजते आणि कशात शिजत नाही, हे तिला मीटरविना कळतं. माशालाही तेवढाच फरक कळतो, फक्त त्याला तोंड वाकडं करून सांगता येत नाही.

आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेलं बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, पीएच सातच्या वर, कित्येकदा आठच्या आसपास. आमच्या घरच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप, मीटरवर नऊशेच्या पुढे दिसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा 500 आणि पर्याय नसेल तर 2000 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. माणसाला ते चालून जातं. निऑन टेट्राचं मूळ घर मात्र अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले ओढे. पानं कुजून चहासारखं झालेलं, जवळजवळ क्षारच नसलेलं, आंबटसर पाणी. आज बाजारात येणारे बहुतेक निऑन शेतीतले असतात, त्यामुळे ते पूर्वजांपेक्षा बरंच सोसतात. पण अचानक झालेला बदल त्यांनाही सोसत नाही.

जड पाणी आणि अमोनिया यांचं नातं मला प्राध्यापकांनी वहीवर आकडे मांडून समजावलं. पाण्यातला सगळा अमोनिया सारखाच घातक नसतो. त्याची दोन रूपं एकमेकांत बदलत असतात. एक विद्युतभार असलेलं, बरंचसं निरुपद्रवी. दुसरं भार नसलेलं, कल्ल्यांतून सरळ रक्तात शिरणारं. कुठलं किती, हे पीएच आणि तापमान ठरवतात. पाणी 25 अंशांवर असताना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग घातक रूपात असतो. पीएच 8 झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. आमच्या उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर गेलं की साडेसात टक्क्यांवर. विषारी रूपाची दीर्घकाळ सोसण्याजोगी मर्यादा साधारण 0.02 मिलिग्रॅम प्रति लिटर धरतात. म्हणजे एक मिलिग्रॅम अमोनिया असलेल्या ज्या पाण्यात दुसऱ्या एखाद्या गावी मासा तगून राहील, त्याच मापाचं आमच्या बोअरचं पाणी त्याचे कल्ले जाळेल.

याच पाण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगितली नाही तर पाण्यावर अन्याय होईल. अमोनिया खाणाऱ्या जिवांना पाण्यातली क्षारता लागते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना ते सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता खर्च करतात. नुसतं आरओचं पाणी भरलं तर ही शिदोरी थोड्या दिवसांत संपते, पीएच घसरतो आणि वस्ती उपाशी पडते. जड पाण्यात ती भरपूर असते. आमचं पाणी माशाला सुरुवातीला कठोर वाटतं, पण वस्ती उभी राहताना तेच तिला पोसतं.

नळाच्या पाण्यात आणखी एक पाहुणा असतो. एका गावात जलसुरक्षकाबरोबर मी टाकीवर चढले. त्यांनी बादलीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवली, निवळी टाकीत ओतली आणि थोड्या वेळाने खालच्या नळावर ओटी टेस्ट केली. नळीत थेंब पडताच पाणी पिवळं झालं. "हे पिवळं आलं की गाव निर्धास्त झोपतंय," ते म्हणाले. बरोबरच आहे. त्या पिवळ्या रंगामागे उरलेला क्लोरीन असतो, आणि गॅस्ट्रो, काविळीपासून गावाला तोच वाचवतो. पण जो क्लोरीन विहिरीतले जंतू मारतो, तोच माशाचे कल्ले भाजतो आणि स्पंजवरची वस्तीही मारतो. उपाय साधा आहे. पाणी उघड्या भांड्यात एअर पंप लावून दिवसभर ठेवावं, किंवा हायपो वापरावा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. डार्करूमच्या काळात फोटो स्टुडिओत हेच स्फटिक असत. दुकानातल्या क्लोरीन घालवायच्या बाटल्यांतही बहुधा तेच असतं.

आणि म्हणूनच फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुऊ नये. टँकमधूनच काढलेल्या पाण्यात तो दोनदा पिळावा, बस्स. स्वच्छतेच्या हौसेनं मी पहिल्या आठवड्यात तो दोनदा नळाखाली धुतला होता. जी काही चार घरं वसू लागली होती, तीही मी माझ्या हातांनी उठवली.

घटस्थापना ते दिवाळी

आमच्या जिल्ह्याला थांबणं शिकवावं लागत नाही. नवरात्राआधी तुळजाभवानी घोरनिद्रेत असते, दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत. ती कोजागिरीच्या पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. घटाभोवतीच्या मातीत टाकलेलं धान्य रोज उकरून कुणी पाहत नाही. पाणी शिंपायचं आणि वाट पाहायची. दुसऱ्या वेळी मी टँकचा हिशेब याच कॅलेंडरवर मांडला, आणि ज्यांना यंदा किंवा पुढच्या वर्षी टँक लावायचा असेल त्यांना तोच सुचवते. घटस्थापनेला पाणी भरावं आणि मासा दिवाळीच्या आधी आणू नये.

पहिल्या दिवशी खडी धुऊन घालावी, क्लोरीन घालवलेलं पाणी भरावं, फिल्टर सुरू करावा आणि तो पुढे एक तासही बंद ठेवू नये. 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद व उंच टँकमध्ये 54 लिटर पाणी मावतं. पाणी 27-28 अंशांवर असेल तर वस्ती लवकर वाढते.

आता या वस्तीला खाणं हवं, आणि मासे तर नाहीत. मग अमोनिया आपण द्यायचा. तो मिळतो नवसागरातून. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात चिमूटभर पांढरी पूड टाकतो आणि भपकन धूर उठतो, तोच हा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईच्या मालात धातूंचे अंश असू शकतात, म्हणून टँकसाठी प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा. 54 लिटरला सुमारे एक तृतीयांश ग्रॅम टाकला की पाण्यात दोन मिलिग्रॅम प्रति लिटर अमोनिया होतो. तेवढा पुरे. जास्त टाकला तर जिवांनाच तो जड जातो. नवसागर मिळाला नाही तर माशांच्या खाण्याची चिमूट रोज टाकून ती कुजू द्यावी. काम होतं, फक्त माप हातात राहत नाही.

पहिले काही दिवस काही घडत नाही. अमोनियाची नळी हिरवीच येते. पाणी एखादे दिवशी दुधाळ होतं. घाबरून ते बदलू नये, आपोआप निवळतं. दसऱ्याच्या आसपास हिरवा रंग फिकट होऊ लागतो आणि नायट्राइटची नळी, जी आतापर्यंत निळी होती, जांभळी पडते. इथेच बहुतेक जण फसतात. अमोनिया उतरला, पाणी स्वच्छ आहे, म्हणून मासे आणतात. पण नायट्राइट माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. रक्त तपकिरी होतं, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पृष्ठभागाशी तोंड उघडं ठेवून धापा टाकणारा मासा पाहिला की आपण एअर पंप वाढवतो. पण कधीकधी रोग हवेत नसतो, रक्तात असतो.

कोजागिरीला, चंद्र दुधात उतरतो त्या रात्री, माझी नळी सगळ्यांत गडद जांभळी होती. त्यानंतर दर तीन दिवसांनी अमोनियाची तेवढीच मात्रा देत राहिले. धनत्रयोदशीच्या सकाळी मात्रा दिली आणि नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून नळ्या पाहिल्या. अमोनिया पिवळा, नायट्राइट निळं. नायट्रेटची नळी लालसर. चोवीस तासांत दोन्ही विषं शून्यावर आली, की मडकं पक्कं झालं. त्या दिवशी अर्ध्याहून अधिक पाणी बदललं, म्हणजे साठलेलं नायट्रेट कमी झालं.

दिवाळीपर्यंत शून्य येतंच असं नाही. थंडी लवकर पडली, पाणी फार हलकं असलं, तर वेळ लागतो. मग तुळशीच्या लग्नापर्यंत थांबावं, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत थांबावं. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमा म्हणजे दीड महिना होतो, आणि सायकलची सहा आठवड्यांची मुदतही जवळपास तेवढीच. बाटलीतले जिवाणू विकत मिळतात, पण उन्हाळ्यात बसच्या टपावरून आलेल्या बाटलीत किती जिवंत उरले असतील, हे नळीलाच विचारावं.

नाजूक पाहुण्याला घरात घेताना

टँक पक्का झाला तरी सगळे मासे एका दिवशी आणू नयेत. वस्ती जेवढ्या अमोनियाला सरावली तेवढंच पचवते. आधी दणकट मासे थोडे आणावेत. निऑन, रमीनोज टेट्रा, काचेवरचं शेवाळ खाणारा छोटा ओटो, रॅम हे नाजूक मासे टँकला आणखी दोन-तीन महिने झाल्यावरच. ओटोला तर काचेवर आणि पानांवर शेवाळाची पातळ साय धरलेली लागते. चकचकीत टँकमध्ये तो उपाशीच मरतो. डिस्कस हा त्यांतला सगळ्यांत अवघड. त्याला 28 ते 30 अंशांचं, हलकं, सतत बदललेलं पाणी लागतं. या माशाची पिल्लं पहिले दिवस आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. इतक्या मायेनं वाढणाऱ्या जिवाला कच्च्या पाण्यात टाकणं मला आता पाप वाटतं.

धाराशिवच्या दुकानात पोहोचेपर्यंत माशाचा प्रवास लांबचा झालेला असतो. चेन्नईतलं कोळत्तूर आणि कोलकाता ही देशातली शोभेच्या माशांची मोठी केंद्रं. तिथून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून मासे निघतात आणि मोठ्या शहरांतले व्यापारी ओलांडत छोट्या गावांत येतात. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने पीएच खाली येतो, आणि म्हणून पिशवीत साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडताच वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. लांबून आलेली पिशवी उघडून तासन्‌तास तशीच ठेवणं म्हणूनच घातक.

आपण दुकानातून घरी आणतो तो प्रवास थोडा असतो. पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवावी, म्हणजे तापमान जुळतं. मग मासा पिशवीच्या पाण्यासह बादलीत घ्यावा आणि सलाइनची बारीक नळी लावून टँकचं पाणी थेंबथेंब त्यात सोडावं, तास-दीड तास. क्षारांच्या फरकाशी शरीर जुळवून घ्यायला माशाला तेवढा वेळ लागतो. शेवटी मासा जाळीने उचलावा, पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नये. पहिला दिवस दिवा बंद, खाणं बंद.

दुकानाच्या टँकचा टीडीएस आधी विचारून घ्यावा. एका दुकानदारांना मी विचारलं तेव्हा त्यांनी वहीच पुढे केली. "गिऱ्हाईक रंग विचारतंय ओ मॅडम, पाणी कोणीच विचारत नाही," ते म्हणाले. "आज टँक घेतलेल्याला मी आजच मासा देत नाही म्हणलं, तर ते दुसऱ्या दुकानात जायलेत." त्यांच्या बोलण्यात तक्रार होती आणि खंतही. माशाचं आयुष्य दुकानदाराच्या धीरावर जितकं अवलंबून आहे, तितकंच आपल्या घाईवरही.

आजारी दिसला की लगेच निळं औषध टाकू नये, हेही त्यांनीच सांगितलं. मिथिलीन ब्लू माशाच्या बुरशीवर चालतं, पण टँकमध्ये ओतलं तर स्पंजवरच्या वस्तीवर घाव घालतं. औषध द्यायचं तर वेगळ्या बादलीत.

वैशाखातली दुपार

टँकची खरी परीक्षा दिवाळीत होत नाही, वैशाखात होते. पारा चाळिशीपार जातो, पाणी 32 अंशांवर चढतं. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. माशाची गरज तापमानाबरोबर वाढते आणि पुरवठा घटतो. त्यात वीज गेली की फिल्टर थांबतो. स्पंजवरच्या जिवांनाही प्राणवायू लागतो. पाणी वाहायचं थांबलं की काही तासांत वस्ती गुदमरू लागते.

पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात गेलात तर बोरी नदीवरच्या बंधाऱ्यावरून नर-मादीचे धबधबे कोसळताना दिसतील. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. लोक तिथे तुषार अंगावर घ्यायला जातात. पाणी पडताना, फुटताना, फेसाळताना हवेतला प्राणवायू पोटात घेतं, आणि खालच्या डोहातला मासा त्यावर जगतो. आपल्या टँकमधली फिल्टरची धार हा त्याच धबधब्याचा छोटा अवतार. म्हणून बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्यावा, रंगीत कृत्रिम रोपं नंतर. तो घेईपर्यंत वीज गेलेल्या वेळी मी पेल्याने टँकचंच पाणी घेऊन वीतभर उंचीवरून परत ओतत बसते.

पाण्याला शोभेल तो मासा

इथवर लिहून झाल्यावर एक प्रश्न मनाला डाचतो, आणि तो टाळणं बरं नाही. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ज्याच्या शेजारच्या लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे शोभेच्या माशांसाठी पाणी खर्चणं योग्य आहे का?

मी माझ्या टँकचा हिशेब केला. आठवड्याला पाव टँक पाणी बदलते, म्हणजे साडेतेरा लिटर. एक बादली. ते निघालेलं पाणी नायट्रेटने भरलेलं असतं, सरळ तुळशीला आणि कढीपत्त्याला जातं, आणि कढीपत्ता यंदा कधी नव्हे इतका फुटला आहे. त्यामुळे बादलीचं मला ओझं वाटत नाही. पण डिस्कस पाळायचा तर मोठा टँक, आरओचं पाणी, दर आठवड्याला त्याचे कित्येक लिटर, आणि आरओ यंत्र जितकं देतं त्याहून जास्त वाया घालवतं. आमच्या गावात मला ते पटत नाही. ज्या पाण्यात आपण राहतो त्या पाण्याचा मासा पाळावा.

असे मासे आहेत. आरोग्य खात्याने डासांच्या अळ्या खाण्यासाठी हौदांत सोडलेला गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातला; जड पाण्यात तो खुलतो. मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांनाही क्षार हवेच असतात. आमच्या बोअरचं पाणी त्यांच्यासाठी जसंच्या तसं चालतं. ज्यांना नाजूक मासाच हवा, त्यांनी आधी वर्षभर या माशांबरोबर पाणी वाचायला शिकावं. नंतर आरओ आणि बोअरचं पाणी मिसळून थोडेसे निऑन ठेवता येतात. मी तसंच केलं.

माशांचं कौतुक या मातीला नवं नाही. उमरग्याच्या पुढे महामार्गाने कर्नाटकात शिरलं की जवळच बसवकल्याण लागतं, चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती, त्या कुठे राहतात आणि कुणाला काय खाऊ घालावं, हे सांगितलं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात त्याचा अभ्यास करून ते जगापुढे आणलं. राजाचा हेतू गळाने मासे धरण्याचा होता, तरी मासा ओळखायचा तर आधी त्याचं पाणी आणि त्याचं खाणं ओळखावं, ही शिस्त त्यात आहे. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने गोल्डफिश, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांचा समतोल काचेत साधून दाखवला तो 1850 च्या आसपास. तीच शिस्त सात शतकांनी काचेत आली.

कंटाळा आला म्हणून मासे ओढ्यात, तलावात सोडून देणाऱ्यांनाही हात जोडून सांगायचं आहे. काच साफ करायला आणलेला सकर मासा फूटभर वाढतो, टँकमध्ये मावेनासा होतो आणि कुणीतरी तो पाण्यात सोडतं. आज उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यांत हे सकर येतात. त्यांना भाव नाही, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात, आणि इतर माशांचं खाणं ते ओरबाडतात. त्याच उजनीचं पाणी आमच्या नळाला येतं. आपण फेकलेलं कुठे ना कुठे आपल्याच घराशी परत येतं.

विरजण

या वर्षी आमच्या टँकमध्ये सहा निऑन आहेत. त्यांना अकरा महिने झाले. रात्री दिवा मालवला की त्यांचा रंग फिका पडतो, पहाटे पुन्हा ती निळी रेघ उजळते. आधी मला रोज धास्ती वाटायची. आता कळतं, ती त्यांची झोप असते. सासूबाई सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की टँकसमोर क्षणभर थांबतात आणि सहा मोजतात. घरावरच्या संकटाची गोष्ट त्या अजून मानतात. पण परवा पाहुण्यांना सांगताना त्या म्हणाल्या, "माशाला पाणी बाधतंय, म्हणून हिनं महिनाभर नुसतंच पाणी सांभाळलं."

गेल्या आठवड्यात शेजारचा मुलगा आला. त्याच्या वडिलांनी त्याला टँक घेऊन दिला होता, आणि त्याला संध्याकाळीच मासे आणायचे होते. मी त्याला बसवून पिवळी, निळी, लाल नळी दाखवली. तो ऐकत होता, पण चेहरा पडला होता. दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर रिकामा टँक बघत बसायचं, हे दहा वर्षांच्या मुलाला कसं पटावं?

आमच्याकडे दही लागलं नाही तर शेजारी वाटी घेऊन जायची पद्धत आहे. चमचाभर विरजण कुणी नाकारत नाही. टँकमध्ये दोन स्पंज मी मुद्दाम ठेवते. त्यातला एक काढला. वर्षभराचा मळ धरलेला, तपकिरी, दिसायला ओंगळ. टँकचंच पाणी भरलेल्या डब्यात घातला आणि त्याच्या हातात दिला. हा तुझ्या फिल्टरमध्ये लाव, म्हणाले, नळाखाली धुऊ नकोस, आणि रोज चिमूटभर खाणं टाक. दहा-पंधरा दिवसांनी नळीत पाणी घेऊन ये, आपण मिळून रंग पाहू. पिवळा आणि निळा आला तर तुला पहिले चार गप्पी माझ्याकडून.

तो डबा दोन्ही हातांनी धरून, पाणी हिंदकळू न देता, सावकाश जिना उतरून गेला. डब्यात मासा नव्हता. तरीही तो असा चालत होता, जणू आत काहीतरी जिवंत आहे, आणि ते होतंच.